पथ्य सांभाळून सण : आपले अनुभव लिहावेत

मार्गशीर्षातील वेळ अमावस्या, म्हणजे आमच्या लातूरकडची येळवस, जवळ आली की माझ्या पोटात गोळा उठत असे. माझ्या मुलीला सीलिॲक हा आजार आहे. गहू आणि जव यांसारख्या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे तिच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि त्यावर आयुष्यभर ग्लुटेनविरहित जेवण एवढाच उपचार आहे. 'सणाचा एक दिवस चालतो' ही सवलत त्यात नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, अन्नाची ॲलर्जी अशा कारणांनी पथ्य असलेली माणसे आज घरोघरी आहेत, आणि सणाच्या दिवशी त्यांच्यावर व त्यांच्यासाठी रांधणाऱ्यांवर जो ताण येतो त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. म्हणून हे आवाहन. कोणत्या सणाला अडचण आली, काय चुकले आणि पुढच्या वर्षी काय बदलले, एवढे सविस्तर लिहावे. सुरुवात माझ्यापासून करते.

निदान झाले तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. तिची उंची वाढत नव्हती, पोट सतत फुगलेले असे आणि लोहाची औषधे देऊनही रक्त वाढत नव्हते. रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा यांवरून निदान पक्के झाले. त्यानंतरच्या पहिल्या येळवशीला मी निर्धास्त होते, कारण बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे), भज्जी (बेसन लावलेली मिश्र भाजी), ज्वारीची आंबील यांत गहू कुठेच नाही. गव्हाची खीर तेवढी तिला द्यायची नाही, असा माझा हिशेब होता. त्या रात्री तिला उलट्या झाल्या आणि पुढे चार दिवस पोट दुखत राहिले. मी एकेक जिन्नस आठवून पाहिला. भज्जीच्या फोडणीत हिंग होता आणि बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. बेसन गिरणीतून गव्हाच्या पाठोपाठ दळून आणले होते. शिवाय खिरीतली पळी कोणीतरी घाईघाईत भज्जीत घातली होती.

पुढच्या वर्षी मी चार दिवस आधी जाऊबाईंना फोन केला आणि काय टाळायचे यापेक्षा काय करता येईल तेच बोलले. भज्जीला हिंग न घालता लसूण-जिऱ्याची फोडणी द्यायची, हरभऱ्याची डाळ घरीच मिक्सरमध्ये दळायची, उंड्यांचे पीठ नव्या परातीत मळायचे आणि खीर सगळ्यांत शेवटी, वेगळ्या चुलीवर शिजवायची, असे ठरले. मुलीचा डबा सर्वांच्या आधी भरून ठेवला. आंबील पिकात शिंपण्याचे काम तिला दिले, त्यामुळे कोपीपुढच्या (शेतातल्या कडब्याच्या खोपीपुढच्या) पूजेत ती ताटापेक्षा कामात रमली. पंगत बसल्यावर 'हे नको, ते नको' म्हणण्याची पाळी तिच्यावर आली नाही. माझा ताण कशाचा होता ते मला त्या दिवशी कळले. चार माणसांसमोर मुलीला नकार द्यायला लावणे मला सोसत नव्हते.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा प्रश्न मात्र बरेच दिवस सुटला नव्हता, कारण प्रसादाचा शिरा रव्याचा आणि प्रसाद नाकारणे कोणालाच रुचत नाही. आता ती प्रसाद दोन्ही हातांनी घेते, कपाळाला लावते आणि माझ्याकडे देते; तिच्यासाठी केळ्याचा प्रसाद आधीच बाजूला काढलेला असतो. दिवाळीत अनारसे तिचे हक्काचे, कारण ते तांदळाचे असतात. करंज्या आणि शंकरपाळे मात्र तिचे स्वयंपाकघर मोकळे झाल्यावर, म्हणजे तिचा फराळ डब्यांत बंद झाल्यावरच करायला घेते. विकतचा पदार्थ घ्यायचा झाल्यास वेष्टनावर 'ग्लुटेनविरहित' असे स्पष्ट छापलेले पाहते. आपल्याकडील नियमानुसार अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये.

परभणी, निवृत्त शिक्षक

मला १४ वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्याहून कितीतरी अधिक वर्षे मी नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरत आलो. साबुदाणा, रताळे, बटाटा हे उपवासाचे असले तरी साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ आहेत, ही गोष्ट मी मनावर घेतली नव्हती. सकाळी खिचडीने साखर चढायची, आणि दुपारी काही न खाता गोळ्या मात्र नेहमीच्याच घेतल्याने संध्याकाळी ती कोसळायची. तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत एकदा मला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि बोलणे अडखळले. मुलाने तपासले तेव्हा साखर ५८ होती; ७० च्या खाली गेली की ती धोक्याची समजतात. त्याने पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून पाजली, १५ मिनिटांनी पुन्हा तपासले आणि मी सावरलो.

उपवास सोडायचा म्हणजे कुळाचार मोडायचा, या विचाराने मी अनेक रात्री अस्वस्थ होतो. अखेर हे आईपुढेच मांडले. तिचे वय तेव्हा ८४ होते. ती म्हणाली, "उठता-बसता धर की. तुझ्या आजोबांनी बी म्हातारपणी तेच केलतं." घट बसताना एक आणि उठताना एक असे दोन उपवास आता मी करतो. त्याआधी आठवडाभर डॉक्टरांना भेटून त्या दोन दिवसांच्या गोळ्यांचे प्रमाण लिहून घेतो, ते मनाने कधीच बदलत नाही. साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि ताक घेतो. भगर खाल्लीच तर वाटीभर.

महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी चुकवत नाही. फक्त आधी भाज्या, कोशिंबीर आणि वरण खातो, मग एक पोळी तुपासह, आणि त्या दिवशी भात वर्ज्य. गुळाने साखर वाढत नाही असे मला अनेकांनी प्रेमाने सांगितले आहे. ते खरे नाही; माझ्या यंत्रावर गूळ आणि साखर यांत मला काहीच फरक दिसलेला नाही.

अंबाजोगाई, गृहिणी

माझे यजमान आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेतात. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. वाचणाऱ्यांना कल्पना यावी म्हणून सांगते, मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचते, ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि पालेभाज्या, बटाटा, टोमॅटो, केळी, शहाळे या एरवी पौष्टिक मानलेल्या वस्तूंत ते भरपूर असते. पाण्याचेही माप असते आणि त्या मापात आंबील, कटाची आमटी, ताक सगळे धरावे लागते.

पहिल्या वर्षी मी त्यांच्यासाठी सगळेच वेगळे रांधले. सोळा भाज्या एकीकडे आणि त्यांचा डबा दुसरीकडे, असे दोन स्वयंपाक करून रात्री मी अक्षरशः जमिनीवर आडवी झाले, आणि एवढे करून त्यांनी दोन घास खाऊन ताट सरकवले, कारण एकट्याचे ताट वेगळे दिसत होते. मला राग आला, आणि मग त्या रागाचीच लाज वाटली.

दुसऱ्या वर्षी आहारतज्ज्ञांकडे नैवेद्याची यादीच घेऊन गेले. सोळापैकी दुधी, पडवळ, दोडका, कोबी अशा चार भाज्या बारीक चिरून, कोमट पाण्यात भिजवून, मग उकळून आणि ते पाणी टाकून द्यायला त्यांनी सांगितले. त्या चारही भाज्या मी सर्वांसाठीच तशा करते आणि मीठ ताटात वाढते. त्यामुळे त्यांच्या ताटात तेच दिसते जे इतरांच्या ताटात असते, फक्त वाट्या कमी असतात. आंबील त्यांना नैवेद्याच्या चांदीच्या वाटीत देते, ती ४० मिलिलिटरची आहे हे मी मोजून घेतले आहे. डायलिसिसचा दिवस पूजेच्या दिवशीच येत असेल तर आठवडाभर आधी केंद्रात विचारून सकाळची पाळी मागते. डायलिसिस मात्र सणासाठी कधी चुकवायचे नाही, हे आम्ही देवघरासमोर बसून ठरवले.

एक सूचना कळकळीने करते. कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम असते. रक्तदाबासाठी कोणी ते सुचवले तरी मूत्रपिंडाच्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. सैंधवही शेवटी मीठच आहे.

नांदेड, सात वर्षांच्या मुलाची आई

शेंगदाण्याच्या ॲलर्जीविषयी मी थोडेच लिहिते. आपल्या भागात कूट भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत, सगळीकडे असतो आणि संक्रांतीच्या लाडवांत तर असतोच. ओठ सुजणे आणि श्वास लागणे हे आम्ही एकदा अनुभवले आहे, त्यामुळे इथे थोडेसे चालेल असे काही नाही. घरात आता जवसाची आणि कारळाची चटणी असते आणि तेल करडईचे. तीळ त्याला चालतात याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतली आहे. तिळगूळ तो कोणाकडूनही घेतो, 'गोड बोलतो' म्हणतो, आणि तसाच माझ्या पिशवीत टाकतो. घरी आल्यावर जितके घेतले तितके घरचे लाडू त्याला मिळतात. मागच्या संक्रांतीला अकरा झाले होते, ते त्याने तीन दिवस पुरवले.

जालना, लग्नकार्याचा स्वयंपाक करणारे आचारी

वरचे सर्व वाचून दुसऱ्या बाजूने लिहावेसे वाटले. ऐन पंगतीत येऊन कोणी "यात कूट आहे का" असे विचारले, तर वाढप्याला ते ठाऊक नसते आणि तो भीतीने 'नाही' म्हणून मोकळा होतो. हे मी स्वतः पाहिले आहे आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन दिवस आधी सांगा, शक्यतो थेट आचाऱ्याला सांगा. फोडणीआधी वरण बाजूला काढणे, भात वेगळ्या पातेल्यात ठेवणे, ज्वारीची भाकरी गव्हाच्या कणकेपासून दूर थापून घेणे, यात आम्हाला काहीच जड नाही. आता सुपारी घेतानाच मी विचारतो की घरात कोणाला पथ्य आहे का, आणि ती भांडी लाल दोरा बांधून वेगळी ठेवतो.

उदगीर, सासूबाई

आग्रह करणाऱ्यांपैकी मी एक होते, म्हणून लिहिते. माझ्या सुनेला दूध पचत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तिला बासुंदीची वाटी तीनदा पुढे केली आणि तिने माझ्या मानाखातर ती संपवली. रात्रभर ती पोट धरून बसली होती आणि सकाळी पाणी तापवायला माझ्याआधी उठली होती. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, ते मला अधिक लागले.

आमच्या पिढीत वाढणाऱ्या बाईचा आग्रह हीच तिची माया, असे आम्ही शिकलो. ते सोडणे मला सोपे गेले नाही. नंतर मी तिला जवळ बसवून विचारले, तेव्हा कळले की दही-ताक तिला थोडे सोसते, तूप चालते, खवा आणि आटवलेले दूध मात्र नाही. पाहुण्याबायका आल्या की आता तिच्या आधी मीच सांगते, "तिला दुधाचं देऊ नका, तिचं मी वेगळं काढलंय." गेल्या दिवाळीत नारळाचे दूध काढून त्यात गूळ आणि वेलदोडा घालून शेवयांची खीर केली. पहिल्यांदा ती फाटली, कारण उकळत्या खिरीत मी गूळ टाकला होता. दुसऱ्यांदा गॅस बंद करून, खीर कोमट झाल्यावर गूळ मिसळला. सुनेने दोन वाट्या खाल्ल्या आणि तिसरी स्वतःहून मागितली.