विषय: कोलंबस (ओहायो) मंडळाची भूतान सहल – एसडीएफचं काय करायचं? (शुक्रवारपर्यंत उत्तर हवं)

मंदार, सोमवार, रात्री ९:४०

मंडळी,

एजंटाची मेल आली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत २२ जणांची पक्की यादी आणि पासपोर्टच्या प्रती गेल्या नाहीत, तर पारोची (भूतानचा विमानतळ) धरून ठेवलेली तिकिटं सुटणार. अडलंय एकाच गोष्टीवर: एसडीएफ, म्हणजे भूतान सरकार पर्यटकांकडून दर रात्रीचं घेतं ते शाश्वत विकास शुल्क.

भारतीय पासपोर्ट असेल तर रात्रीला १,२०० रुपये. बाकी सगळ्यांना १०० डॉलर. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) दाखवून सवलत मिळत नाही, तीनदा विचारून झालंय, चौथ्यांदा विचारायला लावू नका. ६ ते १२ वयाच्या मुलांना निम्मं. शिवाय अमेरिकन पासपोर्टवाल्यांना व्हिसाचे ४० डॉलर. आपल्या रात्री ६.

यादीत १२ मोठे आणि २ मुलं अमेरिकन पासपोर्टवर, ८ जण भारतीय पासपोर्टवर. सगळं एकत्र करून भागलं तर माणशी साधारण ४१० डॉलर येतात. मेच्या सभेत 'वर्गणी सगळ्यांना एकच' असं ठरलं होतं, इतिवृत्तात आहे. तेच ठेवायचं की ज्याचं त्यानं भरायचं? एवढंच कळवा.

माहितीपत्रक जोडलंय. त्यावर आत्ता चर्चा नको, प्लीज.

शिल्पा, सोमवार, रात्री १०:०५

ज्याचं त्यानं.

सासू-सासऱ्यांचे दोघांचे मिळून १४,४०० रुपये होतात, म्हणजे १६५ डॉलरच्या आसपास. तुमच्या हिशोबाने त्यांनी ८२० भरायचे. का? मेच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा एसडीएफचं नावही कोणी काढलं नव्हतं. मी होते सभेला.

अजय, सोमवार, रात्री ११:३०

एकच वर्गणी. येलोस्टोनच्या सहलीत आम्ही घरातले दोघंच शाकाहारी होतो, तरी बार्बेक्यूचे पूर्ण पैसे भरले, आणि त्याची कुठे वाच्यता केली नाही (आत्तापर्यंत).

आणि मंदार, हा एजंट तुला गंडवतोय. आम्ही २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. रोजचे २५० डॉलर, त्यात हॉटेल, तिन्ही वेळचं जेवण, गाडी, गाइड, सगळं. आता नुसत्या कराचे १०० आणि हॉटेल वेगळं?

मंदार, मंगळवार, सकाळी ७:१०

अजय, ती पद्धत बंद झाली. त्या २५० मधले ६५ डॉलर सरकारचे असायचे, बाकीच्यात तुझं हॉटेल-जेवण. कोविडनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये देश परत उघडला तेव्हा पॅकेजची सक्ती काढली आणि शुल्क एकदम २०० केलं. पर्यटक यायचे थांबले, तेव्हा सप्टेंबर २०२३ पासून १०० वर आणलं. हा दर ऑगस्ट २०२७ पर्यंत आहे. भारतीयांना २०१४ मध्ये काहीच भरावं लागत नव्हतं, आता १,२०० लागतात, म्हणजे त्यांनाही वाढलंच आहे.

एक मत 'ज्याचं त्यानं', एक मत 'एकच'. बाकीचे?

नाना, मंगळवार, सकाळी ८:५५

चि. मंदार,

माहितीपत्रक वाचले. चर्चा नको असे लिहिले आहेस, पण चुकीचे छापून लोकांच्या हाती देणे बरे नव्हे.

> भूतान हा थंड हवेचा डोंगराळ देश आहे.

मी ताला जलविद्युत प्रकल्पावर ५ वर्षे होतो. बंगालच्या सीमेवर फुन्त्शोलिंग जेमतेम ३०० मीटर उंचीवर आहे. तेथे केळी, सुपारी, घामाच्या धारा. तेथून गाडी वर निघाली की संध्याकाळी थिंफूला, २,३०० मीटरवर, स्वेटर शोधावा लागतो. उत्तरेला तिबेटच्या सीमेवर गांखर पुएन्सुम, ७,५७० मीटर. जगातील न चढलेल्या शिखरांत सर्वात उंच, आणि कोणी चढणारही नाही, कारण २००३ पासून गिर्यारोहणालाच बंदी आहे. देवांची जागा म्हणून. महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याएवढ्या (३८,३९४ चौ. किमी) देशात हे सगळे उभे केले आहे. आपल्याकडे घाट लागतो आणि संपतो. तेथे घाट हाच देश.

> अर्थव्यवस्था: पर्यटन, शेती.

विजेचा उल्लेखच नाही! चुखा ३३६ मेगावॉट, त्याखाली आमचे ताला १,०२० मेगावॉट, त्यानंतर मांगदेछू ७२०. पैसा आणि बरेचसे इंजिनियर भारताचे, पाणी त्यांचे, वीज बहुतांशी आपल्याकडे विकलेली. तालाचा बोगदा २३ किलोमीटरचा. डोंगर कच्चा, आज खणलेले उद्या खाली यायचे. नदी तेथे वांगछू, तीच बंगालमध्ये उतरली की रायडाक. मोठे जलसाठे नाहीत, वाहत्या पाण्यावर काम, त्यामुळे थंडीत नद्या आटल्या की तेच भूतान भारताकडून वीज विकत घेते. तुम्ही नोव्हेंबरमध्ये जाणार. हॉटेलातील हीटर बिहारच्या कोळशावर चालला तर नवल वाटू देऊ नका.

रस्ता आपल्या सीमा सडकवाल्यांच्या 'दंतक' प्रकल्पाने १९६१ पासून बांधला. त्याआधी खेचरे. पंडित नेहरू १९५८ मध्ये गेले ते नथुलावरून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर बसून.

वर्गणीबाबत: बहुमत होईल ते मान्य.

वैशाली, मंगळवार, सकाळी ११:२०

नाना, मस्त! हे सगळं माहितीपत्रकात घाला.

मी दोन वर्षांपूर्वी गेले होते म्हणून खाण्याचं सांगते. एमा दात्शीत मिरची ही भाजी आहे, फोडणीतली नव्हे. चीजच्या रश्श्यात अख्ख्या मिरच्या, सोबत लाल भात. शाकाहारी म्हणून आनंदाने घेतली आणि पुढचा अर्धा तास बोलता आलं नाही, कोल्हापूरची असून. लोणी-मिठाचा चहा (सुजा) चहा समजून पिऊ नका, सूप समजून प्या. प्राणी मारणं त्यांना पाप वाटतं, पण खातात भरपूर. मांस बरंचसं भारतातून येतं.

आता एक नाजूक मुद्दा. तिसऱ्या दिवशी पुनाखाजवळचं चिमी ल्हाखांग लिहिलंय. तिथल्या घरांच्या भिंतींवर पुरुषाच्या त्या अवयवाची ही मोठाली रंगीत चित्रं असतात, वर रिबिनी बांधलेल्या. दुकानात लाकडाचे तेच. द्रुक्पा कुन्ले नावाचा १५व्या-१६व्या शतकातला विक्षिप्त साधू, त्याचं देऊळ. मूल व्हावं म्हणून जोडपी येतात, वाईट नजर लागू नये म्हणून भिंतीवर काढतात. ज्येष्ठांना आधी सांगायचं की तिथेच कळू द्यायचं?

नाना, मंगळवार, दुपारी १२:०२

सांगायचे काय त्यात. पिंडीवर दूध घालताना आपण कोणाला आधी सांगतो?

शिल्पा, मंगळवार, दुपारी १२:३०

नाना 🙏 सासूबाईंना तुमचंच वाक्य ऐकवते.

अजय, मंगळवार, दुपारी १:१५

त्यापेक्षा धनुर्विद्या बघायला न्या. आम्ही थिंफूत पाहिली. १४५ मीटरवर निशाणा, आणि तो फळीएवढा अरुंद. प्रतिस्पर्धी संघातले लोक निशाणाच्या शेजारी उभे राहून नेम धरणाऱ्याला चिडवतात. बाण येताना बाजूला होतात, बहुतेक वेळा. लागला की सगळा संघ गाणं म्हणत नाचतो. अंगात घो नावाचा गुडघ्यापर्यंतचा झगा, पायात लांब मोजे, हातात मात्र एकदम आधुनिक अमेरिकन धनुष्य.

रश्मी, मंगळवार, रात्री ९:५०

> भूतान हा जगातला सर्वांत सुखी देश मानला जातो.

मंदार, हे वाक्य काढ, नाहीतर माझं नाव माहितीपत्रकाच्या श्रेयातून काढ.

'सकल राष्ट्रीय आनंद' हा चौथ्या राजाचा १९७० च्या दशकातला विचार: नुसत्या उत्पन्नावर देश मोजू नये. पुढे त्याची ९ क्षेत्रं ठरवून पाहणी सुरू झाली, २००८ च्या राज्यघटनेतही तो आला. धोरण म्हणून मला तो आवडतो. किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली ठेवायची हे घटनेतच आहे, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त आहे. पण 'आम्ही सर्वांत सुखी' असा तो निकाल नाही. टीव्ही १९९९ मध्ये आला, आता तिथली शिकलेली मुलं रांगा लावून ऑस्ट्रेलियाला निघालीत.

दुसरं. माहितीपत्रकात लोक म्हणजे पश्चिमेचे ङालोप आणि पूर्वेचे शारचोप एवढेच आहेत. दक्षिणेचे ल्होत्शाम्पा कुठे गेले? नेपाळी बोलणारे, बहुतेक हिंदू, पिढ्यान्‌पिढ्या तिथे शेती करणारे. १९८५ च्या नागरिकत्व कायद्यानंतर १९५८ मध्ये किंवा त्याआधीपासून राहत असल्याचे कागद मागितले गेले. १९८९ मध्ये घो-किरा (पुरुषांचा आणि बायकांचा राष्ट्रीय पोशाख) सक्तीचा झाला, शाळांतून नेपाळी गेली. ९०च्या दशकाच्या सुरुवातीला लाखाच्या आसपास माणसं देशाबाहेर गेली किंवा घालवली गेली आणि नेपाळच्या झापा-मोरंगमधल्या छावण्यांत १५-२० वर्षं राहिली. २००८ पासून त्यांना इतर देशांनी घेतलं, सर्वाधिक अमेरिकेने, आणि त्यांची इथली सर्वांत मोठी वस्ती आपल्याच कोलंबसमध्ये आहे. आपण दसऱ्याला झेंडूची फुलं घेतो त्या दुकानाचा मालक भूतानचा आहे. 'नेपाळी दुकान' म्हणतो आपण त्याला. मी शनिवारी ज्या आजींना इंग्रजी शिकवते त्यांनी कागद जपून ठेवलाय, सारा भरल्याच्या पावतीचा.

२०२५ मध्ये इथून काही जणांना पकडून भूतानला पाठवलं. भूतानने त्यांना भारताच्या सीमेवर आणून सोडलं. ते फिरून पुन्हा नेपाळात.

सहलीला मी येतेय, पैसे भरलेत. वाक्य मात्र काढ.

अजय, मंगळवार, रात्री १०:३०

रश्मी, सहलीच्या पत्रकात राजकारण कशाला? प्रत्येक देशाचं काही ना काही असतंच. ७ लाख २७ हजार लोकांचा देश (२०१७ ची जनगणना), नाशिक शहराच्या निम्मा, एका बाजूला चीन, दुसऱ्या बाजूला भारत. शेजारचा सिक्कीम १९७५ मध्ये भारतात गेला तो त्यांनी पाहिला. घाबरणारच.

नाना, बुधवार, सकाळी ६:२०

अजय, घाबरले हे खरे. रश्मी म्हणते तेही खरे. आमच्या प्रकल्पावर दक्षिणेकडचा एक ओव्हरसियर होता. ४ भाऊ, त्यांतील २ झापात. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याविषयी कधी बोलत नसे. एकदाच, पहारेकरी नसताना, पत्र दाखवले होते.

वृंदा, बुधवार, सकाळी ९:००

या धाग्यात विचारतेय, माफ करा, पण मंडळाचं मोठं मोदकपात्र गेल्या गणपतीनंतर कोणाकडे गेलं?

प्रसाद, बुधवार, सकाळी ९:४५

मोदकपात्र आमच्या गॅरेजमध्ये. शनिवारी आणतो.

वर्गणी: मी भारतीय पासपोर्टवर, बायको अमेरिकन. ज्याचं त्यानं केलं तर आमचे शंभरेक डॉलर वाचतात, पण एका खोलीत झोपून मी १,२०० रुपयांचा आणि ती १०० डॉलरची, हे ती मला जन्मभर ऐकवेल. तरी ज्याचं त्यानं.

शिल्पा, बुधवार, दुपारी १२:१०

वाघाच्या गुहेचं (ताक्तसांग) कोणीच बोलत नाहीये. मठ ३,१२० मीटरवर, कड्याला चिकटलेला. पारोच्या खोऱ्यापासून जवळजवळ ९०० मीटर उंच. पत्रकात लिहिलंय 'घोड्यांची सोय आहे'. घोडा अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच जातो, आणि तोही फक्त चढताना. पुढे शेकडो पायऱ्या, आधी खाली, मग वर. उतरायचं सगळं पायी. गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून गेले होते, सासऱ्यांना ती सोय नाही. ज्येष्ठांना त्या दिवशी कॅफेटेरियातून दर्शन आणि खाली पारोत संग्रहालय, असं लिहून टाका ना.

नाना, बुधवार, दुपारी १:३०

शिल्पा बरोबर आहे. आणखी एक. पारोला विमान दिवसाउजेडीच उतरते, वैमानिकाने डोळ्यांनी डोंगर बघत वळणे घ्यायची. ढग आले की विमान नाही. परतीचे अमेरिकेचे विमान त्याच रात्रीचे धरले आहे असे दिसते. दिल्लीत १ दिवस मोकळा ठेवावा. आणि घड्याळ भारताच्या अर्धा तास पुढे करणे.

मंदार, गुरुवार, रात्री ८:१५

मोजणी: ज्याचं त्यानं १३, एकच ५, नानांचं 'बहुमत', बाकी गप्प. तर एसडीएफ आणि व्हिसा ज्याचा त्याचा. हॉटेल, गाडी, गाइड, जेवण सगळ्यांना सारखं. इतिवृत्तात दुरुस्ती घालतो. अजय, पुढच्या बार्बेक्यूला तुम्हा दोघांचे पैसे निम्मे.

पत्रकातून 'सर्वांत सुखी' काढलं. रश्मीचा परिच्छेद घातला, नानांची वीज घातली, दोछुला खिंडीचे १०८ स्तूपही घातले (डिसेंबर २००३ च्या, आसामच्या उल्फा बंडखोरांविरुद्धच्या कारवाईनंतर बांधलेले, हवा स्वच्छ असेल तर तिथून हिमशिखरांची रांग दिसते). चिमी ल्हाखांगबद्दल 'लोकश्रद्धेची चित्रे' एवढंच लिहिलंय. दिल्लीचा मोकळा दिवस बघतो, १ रात्र वाढेल.

आता पासपोर्टच्या प्रती. भारतीय पासपोर्टच्या ८ पैकी ७ आल्या. शिल्पा, तुझ्या सासूबाईंचा जानेवारीत संपतोय. ६ महिन्यांची मुदत लागते.

शिल्पा, गुरुवार, रात्री ८:४०

आधार चालेल का?

मंदार, गुरुवार, रात्री ८:४२

नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र.

शिल्पा, गुरुवार, रात्री ११:५५

मतदार ओळखपत्र डोंबिवलीच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये, पर्स इथे. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना कुलूपवाला आणायला सांगितलंय, तिथे आत्ता सकाळ आहे. फोटो आला की पाठवते. शुक्रवार म्हणजे एजंटाचा शुक्रवार की आपला?