चांदी भरणं शिकवायचं सोडलं, तर खेड्यातल्या दाढेचं काय?

तालुक्याचा_दातवाला: यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी १४ वर्षं झाली दवाखाना चालवतो. मागच्या महिन्यात नवीन बीडीएस झालेला पोरगा माझ्याकडे बसायला लागला, हुशार आहे, हातही चांगला. पेशंट बाई सोयाबीन सोंगायचं सोडून आलेली, खालची शेवटची दाढ, कीड हिरडीच्या खालपर्यंत गेलेली, थुंकी सारखी भरून येते, आणि हा दातासारखं पांढरं कंपोझिटच घेऊन बसला. दात आम्लाने खरखरीत करून (एच) चिकटवायचं द्रव्य (बॉन्ड) लावेपर्यंत कापूस ओला, की परत पहिल्यापासून. म्हटलं अरे अमालगम, म्हणजे चांदी, भर ना, तर म्हणे सर कॉलेजात फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, दोन भरले होते, पेशंटवर एकही नाही. मला धस्सच झालं. ओल्या तोंडात निभावून नेणारं मटेरियल तेच, आणि पाच वर्षांत पोरांच्या हाताला त्याची सवयच लावत नाहीत.

इंटर्न_चंद्रपूर: सर, राग मानू नका पण मी उलट म्हणेन. अमालगममध्ये जवळपास निम्मा पारा असतो. युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून बंदच केलं, पाऱ्याचा वापर कमी करायच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात २०३४ पर्यंत वापर थांबवायचं ठरलंय, भारतही त्या करारात आहे. मग जे मटेरियल आमच्या अर्ध्या करिअरलाही पुरणार नाही त्यावर आमचे तास का घालवायचे? शिवाय त्याला धरून ठेवायला अंडरकट, म्हणजे आतून रुंद खाच, द्यावा लागतो, म्हणजे चांगला दात पण कोरायचा. आणि उरलेला चुरा बहुतेक ठिकाणी बेसिनमधून सरळ नालीत जातो, तो शेवटी आपल्याच पाण्यात येतो.

वाशिमचा_कास्तकार: मले डॉक्टरकीतलं काही समजत नाही, पण मायी चांदी २००३ ची हाय, अजून हालली नाही. बायकोची पांढरी तीन वर्षांत निघाली, पुन्हा १२०० रुपये, वरून यष्टीचं भाडं अन् दोघाईची मजुरी बुडाली ते वेगळं. पांढरा दात हासताना दिसते म्हणता, पण मांगची दाढ पाहते कोण?

इंटर्न_चंद्रपूर: काका, ती पांढरी निघाली ती भरताना दात कोरडा राहिला नसेल म्हणून. थुंकी अडवायला दाताभोवती रबराचा पडदा (रबर डॅम) लावून दोन-दोन मिलिमीटरचे थर लाइटने नीट कडक (क्युअर) केले तर टिकते.

तालुक्याचा_दातवाला: रबर डॅम तू स्वतः किती पेशंटला लावलास ते खरं सांग. आणि कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २०२१ चा आढावा वाच, मागच्या दातांत कंपोझिट फेल व्हायचा धोका अमालगमच्या जवळपास दुप्पट निघालाय.

कॉन्झर्व्हेटिव्ह_मॅडम: मी शिकवते म्हणून लिहिते. त्या आढाव्यातला मोठा भाग लहान मुलांवरच्या जुन्या अभ्यासांवर उभा आहे, त्या वेळचं कंपोझिटही आजचं नाही, त्यामुळे तो आकडा तसाच आजच्या दवाखान्याला लावू नका. पण सरांची चिंता मला पटते. आमच्याकडे कोटा पुरा करायचा असतो म्हणून पोरं सोप्या, कोरड्या, वरच्या केसेस शोधतात. अवघड तोंड आलं की ते पीजीकडे, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे, जातं. आणि तुम्ही दोघं अमालगम-कंपोझिट करत भांडताय, त्यात जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट) कुठंच नाही! ती दाताला रासायनिक पकडते, फ्लोराइड सोडते, थोडा ओलावा सहन करते. एआरटी, म्हणजे मशीनशिवाय हाताने दात भरायची पद्धत, तर १९८० च्या दशकात टांझानियात निघालं ते यासाठीच, ना लाइट लागत ना दात कोरायचं मशीन (एअर रोटर), हाताच्या एक्स्कॅव्हेटरने, म्हणजे चमच्यासारख्या अवजाराने, कीड काढायची आणि घट्ट जीआयसी दाबून भरायची. लोडशेडिंगच्या गावात याहून काय पाहिजे?

तालुक्याचा_दातवाला: मॅडम, लहान लेकरू आणि गरोदर बाई यांना मी पण अमालगम भरत नाही, तिथे जीआयसीच. पण दोन दातांच्या मधली मोठी कीड असली की ती झिजते, तुटते, माझ्याकडेच परत येतात. खर्रा (तंबाखू-सुपारी) चघळणाऱ्या तोंडात तर एक पावसाळा निघणं मुश्किल. बंदी यायची तेव्हा येवो, तोवर ह्या दाढा उपटायच्या का? आणि इंटर्न भाऊ, तुमच्या कॉलेजच्या गावोगावच्या कॅम्पमध्ये एआरटी किती केल्या?

इंटर्न_चंद्रपूर: एकही नाही सर. सहा कॅम्प केले, सगळीकडे दात काढले नाहीतर साफ केले. भरायचं सामान गाडीत कधी ठेवलंच नव्हतं.