गेमने उपचार? होतात की!

बरेच जण विचारतात, गेमपायी बिघडलेली पोरं गेमनेच कशी सुधारणार? न्यूझीलंडचा 'स्पार्क्स' हा कॉम्प्युटर गेम बघा. ऑकलंड विद्यापीठात डिप्रेशन असलेल्या किशोरवयीन मुलांसाठी तो बनवला. त्यात चिलटं घालूनपाडून बोलत अंगावर येतात. ती म्हणजे डोक्यातले निराश विचार. ती टिपायची, पुढे दलदलीच्या लेव्हलला त्यांची जात ओळखायची. एकूण सात लेव्हल. आणि शिकलेलं रोजच्या जगण्यात कुठे वापरशील, हे गेममधला वाटाड्या समोर येऊन बोलतो. (खरी गोम इथे आहे, गोळीबारात नाही.) २०१२ साली छापून आलेल्या चाचणीत, १२ ते १९ वयाच्या १८७ मुलांमध्ये, तो नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी पडला नाही. मात्र ही सौम्य ते मध्यम त्रासाची मुलं होती. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकू आली तर गेमबिम राहू द्या, थेट डॉक्टर गाठा.