मदत हवी आहे: भाच्याच्या गाडीखाली मृत्यू, पीआर जाईल का? (कॅनडा)

नमस्कार मंडळी,

मी मिसिसागात १८ वर्षं आहे. भाचा (बहिणीचा मुलगा, वय २७) शिकायला आला आणि इथेच पीआर (कायम रहिवासी) झाला. दोन महिन्यांपूर्वी संध्याकाळी सिग्नल लाल होता होता त्याने गाडी दामटली आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका आजीबाईंना उडवलं. त्या जागीच गेल्या. दारू नाही, फोन नाही, नुसती घाई. मी पोचलो तेव्हा त्यांची चाकांची पिशवी आडवी पडली होती. आत दुधाच्या पिशव्या होत्या, इथेही दूध पिशवीत मिळतं, त्यातली एकही फुटली नव्हती. अजून तेच डोळ्यांसमोर येतं.

पोलिसांनी लावलाय तो धोकादायक ड्रायव्हिंगने मृत्यू ओढवल्याचा आरोप. क्रिमिनल कोडमधला, कमाल शिक्षा जन्मठेप. मला कळलंय ते असं: ज्या केंद्रीय गुन्ह्याला कमाल दहा वर्षं किंवा जास्त शिक्षा आहे, त्यात दोषी ठरलं की प्रत्यक्षात शिक्षा कितीही कमी होवो, पीआरवाल्यावर हद्दपारी येऊ शकते. सहा महिने किंवा जास्त कैद झाली तर इमिग्रेशनकडे अपील करायचा हक्कही जातो. २०१३ पर्यंत ही मर्यादा दोन वर्षांची होती. ऑन्टारियोच्या हायवे ट्रॅफिक अ‍ॅक्टमधलं 'निष्काळजी ड्रायव्हिंगने मृत्यू' हे मात्र प्रांताचं कलम. दंड ५०,००० डॉलरपर्यंत, कैद दोन वर्षांपर्यंत, पण वरच्या नियमात ते येत नाही.

आमचे फौजदारी वकील म्हणतात, "आत्ता कबुली द्या, शिक्षा कमी होईल, इमिग्रेशनचं नंतर बघू." हे 'नंतर' मला खटकतंय. कबुलीआधी इमिग्रेशन वकिलाचं लेखी मत कुणी घेतलंय का? दोघा वकिलांना एकत्र बसवलंय का? शिक्षा ठरवताना न्यायाधीश हद्दपारीचा विचार करू शकतात, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या फाम निकालात म्हटलंय. प्रत्यक्षात किती वजन पडतं?

ताई रोज पहाटे फोन करते. तिला अजून एवढंच सांगितलंय की केस चालू आहे.

प्रतिसाद: राग मानू नका, पण त्या आजींच्या घरच्यांनी काय करायचं? पाहुणा म्हणून आलात आणि माणूस मारलात, तर परत जा. माझं मत स्पष्ट आहे.

धागाकर्ता: राग नाही. २०१८ मध्ये सस्कॅचेवानात हम्बोल्ट ब्रॉन्कोस या हॉकी संघाच्या बसची आणि ट्रकची धडक होऊन १६ जण गेले, तेव्हा मंडळाच्या गणपतीत मीही अगदी हेच बोललो होतो. ट्रकवाला सिद्धू कामाला लागून महिनाही झाला नव्हता. त्याने सगळे गुन्हे कबूल केले, आठ वर्षांची शिक्षा घेतली, तरी मे २०२४ मध्ये हद्दपारीचा आदेश निघालाच. मेलेल्या मुलांच्या आईबापांतही एकमत नव्हतं. कुणी माफ केलं, कुणाला तो देशातच नको होता. भाच्याने शिक्षा भोगावी, त्याबद्दल वाद नाही. पण हाच गुन्हा माझ्या हातून झाला असता तर शिक्षा भोगून मी घरी आलो असतो, कारण माझ्याकडे नागरिकत्व आहे. भाच्याचा नागरिकत्वाचा अर्ज अर्धा भरून लॅपटॉपमध्ये पडलाय, आता आरोप मिटेपर्यंत ते मिळणारही नाही.

गुरुवारी एका इमिग्रेशन वकिलाची वेळ मिळाली आहे. सोबत काय काय कागद न्यावेत, तेवढं कुणी सांगेल का?