'पॅटर्न'ला मराठीत काय म्हणायचं? आकृतिबंध लिहिलं तर टीम घाबरली

रबाळे_रोज
नमस्कार मंडळी. खरी अडचण आहे म्हणून लिहितेय. आमची टीम ऐरोलीत, अकरा जण, त्यातले आठ मराठी. दीड वर्षापूर्वी अजाईलवर आलो, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या टप्प्यांत करायचं: दोन आठवड्यांचा एक टप्पा म्हणजे स्प्रिंट, रोज सकाळी उभ्याने छोटी बैठक म्हणजे स्टँडअप, आणि शेवटी काय जमलं, काय अडलं यावर बोलणं म्हणजे रेट्रो. सुरुवातीला कुणालाच पटत नव्हतं, मलाही नाही. मग हळूहळू एक सवय लागली, रेट्रोत एखादी युक्ती कामाला आलेली दिसली की तिला नाव द्यायचं आणि कार्डावर लिहून भिंतीला लावायचं: कधी वापरायची, काय अडत होतं, काय केल्यावर सुटलं. इंग्रजीत याला पॅटर्न म्हणतात. बोलतो मराठीत तर कार्डंही मराठीत करू असं ठरलं आणि मथळा मी कोशात बघून 'आपले आकृतिबंध' असा लिहिला. दुसऱ्या दिवशी टेस्टिंगमधल्या एक ताई बोर्डासमोर बराच वेळ उभ्या. त्यांचे मिस्टर जिल्हा परिषदेत आहेत. मला पॅन्ट्रीत नेऊन हळूच विचारतात, "किती पदं कमी करतायत गं?" मला काही कळेचना. सरकारी खात्यात आकृतिबंध म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, आणि 'सुधारित आकृतिबंध' म्हटलं की माणसं आधी आपलं पद शोधतात, हे मला माहीतच नव्हतं. दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर पसरलं. इतक्या दिवसांत जुळलेली माणसं एका शब्दाने धास्तावली याचं फार वाईट वाटलंय. तर दुसरा शब्द सुचवा, सोमवारी बोर्ड परत लावायचाय.

नौपाडाकर
ताई, शब्द चुकलेला नाही. आकृतिबंध हा समीक्षेत, चित्रकलेत कितीतरी वर्षं नीट वापरात आहे. सरकारने तो एका कामाला जुंपला म्हणून आपण का सोडायचा? सावरकरांनी दिनांक, महापौर हे शब्द दिले तेव्हा तेही कानाला नवेच होते, आज महापौर म्हणताना कुणी अडखळत नाही. अर्थ समजावून सांगायला दहा मिनिटं लागतील, ती द्या. पण पॅटर्न लिहू नका, कळकळीने सांगतो.

वाशी_मार्केट
काका, पॅटर्न आता मराठीच झालाय की. लातूर पॅटर्न म्हटलं की शेतकऱ्याच्या घरातसुद्धा कळतं कशाबद्दल बोलतोय ते, "पोरगं वेगळ्याच पॅटर्नचं आहे" हे आमच्या सेक्टरमधली आजी म्हणते. लोकांच्या तोंडात बसलेला शब्द काढून कोशातला घालायचा याचा मला राग येतो.

नौपाडाकर
तोंडात बसतं ते सगळंच भाषेत घ्यायचं असतं का? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा फारसी शब्द तोंडात बसलेलेच होते ना? तरी त्यांना पर्याय दिले.

वाशी_मार्केट
दिले, आणि आपण आजही कागद, वकील, फौजदार, अर्ज असंच म्हणतो.

रबाळे_रोज
पॅटर्न ठेवायला माझी हरकत नाही हो, पण आमच्याकडे वेगळी पंचाईत आहे. कॉलेजमधून नुकत्याच आलेल्या मुलांना पॅटर्न म्हटलं की कोडचे डिझाइन पॅटर्न आठवतात, म्हणजे प्रोग्रॅम रचायच्या ठरलेल्या युक्त्या, चौघांनी मिळून लिहिलेल्या १९९४ च्या पुस्तकातले तेवीस, इंटरव्ह्यूसाठी पाठ केलेले. आमची कार्डं माणसांबद्दल आहेत.

पाचपाखाडी_पूर्व
मी टीम्सना हेच शिकवायचं काम करतो. ही कल्पना तुमच्या ऑफिसपुरती नाही ताई, लिंडा रायझिंग आणि मेरी लिन मॅन्स या दोघींनी २००४ मध्ये बदल रुजवण्याचे ४८ पॅटर्न लिहून काढले, त्यात खायला काहीतरी ठेवून नवीन गोष्ट सांगा, शंका घेणाऱ्यालाच मानाची जागा द्या, असे साधे साधे आहेत. बदल वरून हुकूम काढून होत नाही, लोकांकडे त्यासाठी समान शब्द लागतात, एवढाच त्याचा गाभा. शब्द म्हणून मी 'नमुना' वापरायचो.

वाशी_मार्केट
"काय नमुना आहे!" असं माणसाला म्हणतात हो आमच्याकडे 🙂 आणि सरकारने तोही घेतलाय, सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा.

पाचपाखाडी_पूर्व
म्हणूनच सोडला. मग 'साचा' केला. एका वर्कशॉपमध्ये एक गृहस्थ उठून म्हणाले की साच्यातून गणपती काढतात, सगळे एकसारखे, आम्हाला तसं करणार का? त्यांचं बरोबर होतं.

रबाळे_रोज
'कित्ता' कसा वाटतो? मला आवडतो, शाळेची आठवण आहे त्यात.

गॅलरीवाला
मी आर्किटेक्ट, नेरुळला असतो. हा सगळा विचार मुळात आमच्या धंद्यातून सॉफ्टवेअरमध्ये गेलाय म्हणून मध्ये बोलतो. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हे आर्किटेक्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७७ मध्ये २५३ पॅटर्न छापले, अख्ख्या प्रदेशापासून ते खोलीतल्या खिडकीपर्यंत. एक सांगतो: गॅलरी सहा फुटांपेक्षा अरुंद असेल तर माणसं तिच्यात बसत नाहीत. ठाण्यात घोडबंदर रोडला वर मान करून बघा, चार फुटी गॅलऱ्या, कपडे वाळत घातलेले नाहीतर काचा लावून खोलीत घेतलेल्या, बसलेलं कुणी नाही. हे वाचल्यावर मी आयुष्यात चार फुटी गॅलरी काढली नाही, बिल्डरशी भांडलो. मुद्दा असा की अलेक्झांडरच्या हिशोबात पॅटर्न पुन्हा पुन्हा वापरायचा, पण दोनदा सारखं काहीच होता कामा नये. कित्ता गिरवायचा असतो, अक्षर हुबेहूब यायला हवं, म्हणून तो शब्द अर्थाच्या नेमका उलट जातो. बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत बघा, सात घरं एका अंगणाभोवती, असे तीन गट मिळून एकवीस, नियम एकच, पण लोकांनी आपापल्या ऐपतीने घरं वाढवत नेली आणि आज एकही घर दुसऱ्यासारखं नाही. त्याला काय म्हणायचं सांगा, तोच तुमचा शब्द.

नौपाडाकर
हे फार छान सांगितलंत. मग 'पद्धत' का नको? मूळ संस्कृत पद्धति, पद् आणि हति, पायांनी तुडवून झालेली वाट. हुबेहूब पाऊल टाकायची सक्ती नाही पण वाट तीच. आणि अस्सल देशी हवा असेल तर पायंडा. त्यातही पायच आहे, आधी पायवाट आणि मग वहिवाट. माझे वडील मराठी ग्रंथसंग्रहालयातून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघून यायचे आणि रात्री जेवताना असे शब्द सांगायचे, तेव्हापासूनचा हा माझा लाडका शब्द.

पाचपाखाडी_पूर्व
पण काका, पायंडा 'पाडतात', आणि बहुतेक वेळा "वाईट पायंडा पडेल" असंच ऐकू येतं. चांगल्या अर्थाने कानावर कमी येतो.

घणसोली_गाव
शिरस्ता? रस्त्याचंच चाललंय तर, शिर म्हणजे मुख्य, मुख्य रस्ता.

नौपाडाकर
नाही हो, तो फारसी सररिश्ता. सर म्हणजे टोक, रिश्ता म्हणजे धागा. धाग्याचं टोक. शिरस्तेदार त्यातूनच.

घणसोली_गाव
अरे वा, रस्ता नाही तर दोरा निघाला. पण मला हे जास्त आवडलं, टोक सापडलं की गुंता सुटतो.

वाशी_मार्केट
काका, फारसीतला शब्द केवढ्या प्रेमाने सांगितलात 🙏 मुद्दा वेगळा मांडू का? माझे बाबा एपीएमसीत, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात, माथाडी होते. त्यांच्यात टीम नाही, टोळी म्हणतात, आणि पुढे मुकादम. फळबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, त्याला हत्ता म्हणतात. हे शब्द कुणी भाषांतर करून आणले नाहीत, काम करता करता तिथेच तयार झाले. ताई, तुम्ही मथळ्याचा शब्द शोधताय, पण कार्डांवर काय नावं आहेत ते सांगा ना.

रबाळे_रोज
सांगते, त्याचा मला खरंच अभिमान आहे. पहिलं कार्ड 'ठाणे-वाशी'. ठाणे ते वाशी जाणाऱ्या ट्रान्सहार्बर मार्गाला फास्ट लोकल नाही, सगळ्या गाड्या प्रत्येक स्टेशनला थांबतात. आम्ही आधी तीन महिने काम साठवून एकदम रिलीज करायचो आणि मग दोन रात्री जागायचो. एकदा एका मुलाने म्हटलं की आपण रोज येतो तसं का करत नाही, थोडं थोडं, प्रत्येक स्टेशनला उतरवत. तेव्हापासून कुणी मोठं काम एकदम अंगावर घेतलं की बाजूचा नुसतं "ठाणे-वाशी" म्हणतो, आणि तो तुकडे करतो. वाद नाही, लेक्चर नाही. दुसरं 'डबा उघडा', नवीन काही सुचवायचं तर मीटिंग लावायची नाही, जेवताना बोलायचं. तिसरं 'शंकेची पाच मिनिटं'. आमचे डेटाबेसवाले दादा, वीस वर्षं नोकरी झालेली, प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायचे, सगळे त्यांना टाळायचे. मग प्लॅनिंगची शेवटची पाच मिनिटं त्यांच्या नावावर केली, काय फसेल ते त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगितलेला एक धोका खरा निघाला, बॅकअप रिस्टोअरच होत नव्हता. आता ते स्वतः विचारतात, "आज माझी पाच मिनिटं आहेत ना?" मला हे लिहितानाही भरून येतं. वरून आलेल्या स्लाइडमध्ये असलं काही नव्हतं.

पाचपाखाडी_पूर्व
सुंदर. पण एक इशारा देतो, ही नावं बाहेरच्याला कळत नाहीत. नवीन माणूस आला तर तो आणखी परका पडतो.

रबाळे_रोज
ते झालंय. पुण्याच्या टीमसोबत कॉलवर "हे ठाणे-वाशी करू" म्हटलं तर त्यांना वाटलं आमचं ऑफिस शिफ्ट होतंय. आणि आमच्यातल्या तिघांना मराठी येत नाही, त्यांना 'डबा उघडा' लगेच आवडलं पण 'शंका' समजावून सांगावं लागलं. म्हणून कार्डाच्या मागे गोष्ट लिहितो, कधी आणि का सुरू झालं ती.

गॅलरीवाला
गोष्ट लिहिताय हे उत्तम. गोष्टीशिवाय नुसतं नाव म्हणजे घोषणा होते.

कळव्याची_भजनी
मी सॉफ्टवेअरमधली नाही, रोज वाचते फक्त. सगळं वाचून मला एक शब्द सुचला, चाल. आमच्या मंडळात एकाच चालीवर चार अभंग म्हणतो, शब्द वेगळे, ठेका गाणाऱ्यावर, पण चाल सुरू झाली की नवीन बाईसुद्धा दुसऱ्या ओळीला सूर धरते. कुणाला शिकवावं लागत नाही. आणि चालरीत म्हणतोच की आपण. त्या आर्किटेक्ट दादांनी सांगितलं ना, तेच पण दरवेळी वेगळं, ते हेच.

रबाळे_रोज
ताई, अंगावर काटा आला. 'आपल्या चाली'.

वाशी_मार्केट
पण "यात काहीतरी चाल आहे" असंही म्हणतात. आधीच आकृतिबंधाने घाबरलेली माणसं, आता मॅनेजमेंटची चाल वाटेल.

नौपाडाकर
बुद्धिबळातही चाल. पण शब्दाचा एक वाईट अर्थ आहे म्हणून शब्द टाकायचा तर मराठीत बोलणंच बंद करावं लागेल. 'चालणे'पासूनच आलेला, म्हणजे परत पायच. मी आकृतिबंधाचा हट्ट सोडत नाही, पण चालीला माझं मत आहे.

पाचपाखाडी_पूर्व
अनेकवचनात अडेल. 'चाली' बोर्डावर लिहिलं तर निम्मे लोक 'चाळी' वाचतील, त्यात ठाण्यात.

घणसोली_गाव
भजनी ताई, एक विचारू? आमच्या गावात हरिनाम सप्ताहात काकड्याला एक संथ चाल म्हणायचे, आता जुनी माणसं गेली आणि कुणालाच पूर्ण येत नाही. पहिल्या ओळीनंतर आवाज एकदम खाली यायचा आणि टाळ थांबायचे. तुमच्या मंडळात कुणाला माहीत असेल का?

कळव्याची_भजनी
टाळ थांबतात म्हणजे मला वाटतं मी ऐकलीय. आमच्या मोठ्या बाई दिव्याच्या आहेत, त्यांना विचारून सांगते. बुधवारी मंडळ आहे.