मदत हवी आहे: शेवंतीला यंदा कळीच धरली नाही, आणि थंडी तर सुरू झाली

नमस्कार. बेळगावातून लिहितेय, वडगावात घर आहे. गच्चीवर चौदा कुंड्या, त्यातल्या सहा शेवंतीच्या. या शेवंतीच्या काश्या (झाडाच्या बुडाशी फुटणारी मुळासकट पिलं) आईने नंदगडहून आणून दिल्या, त्याला चार वर्षं झाली. पिवळी, बारीक पाकळीची, वेणीत दोन-तीन दिवस सहज टिकणारी. दरवर्षी तुळशीच्या लग्नाला पहिली फुलं निघतात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटाला घरचीच वेणी असते. यंदा तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी पाच कुंड्यांत एक कळी नाही. गणपत गल्लीत शेवंतीचे ढीग लागलेत आणि माझी झाडं नुसती गुडघाभर वाढलीत, हिरवीगार. शेंडा नखाने उकलून बघितला तर पानाच्या आत पान, त्याच्या आत आणखी पान. शेजारच्या अक्का परवा कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "ई वर्ष हू इल्लेन्री?" म्हणजे यंदा फुलं नाहीत का? मला उत्तर सुचलं नाही.

आई पंचाहत्तरीची आहे, यंदा माझ्याकडे राहायला आलीय. रोज सकाळी काठी टेकत गच्चीवर येते, एक पान चुरगाळून वास घेते आणि काही न बोलता खाली जाते. म्हणून जास्त जिवाला लागलंय.

मी काय केलं ते सांगते. शेंडे श्रावणात खुडले, गणपतीनंतर हात लावला नाही. दसऱ्याला शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड दिली. ऊन सकाळी आठपासून चारपर्यंत. पाणी रोज संध्याकाळी.

बाकीच्यांचंही विचारून घेते. गुलाबाच्या कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं आलंय. मोगऱ्याची खालची पानं पिवळी पडून गळतात. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच खाली पडतात, आणि फांदीच्या बेचक्यात कापसासारखं काहीतरी दिसतं. युट्यूबवर थंडीत झाडांवर प्लास्टिक पांघरतात ते बघितलं, तसं करू का?

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, प्लास्टिक मुळीच पांघरू नका. ते दव गोठतं त्या मुलखाचं. आपल्याकडे डिसेंबरात रात्री बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतात, एखाद्या रात्री त्याहून खाली, पण त्याने फुलझाड मरत नाही. प्लास्टिकखाली वाफ धरते आणि शेंडे कुजतात.

गुलाबावर आलीय ती भुरी. दिवसा कोरडी हवा आणि रात्री गारठा असला की ती येतेच. फार भरलेली पानं काढून टाका. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारा. पण त्याच्या आगेमागे दोन आठवडे निंबोळी तेल मारू नका, दोन्ही एकत्र आलं की पानं करपतात. माझी एकदा तशीच करपलीत, चांगला जुना देशी गुलाब होता.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. मुंग्या चढताना दिसत असतील, त्याच त्याला इकडून तिकडे नेतात. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, मग निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि त्यात साबणाचे दोन-चार थेंब. थंडीत जास्वंद तशीही कळ्या टाकते, त्यात पाणी कधी भरपूर कधी कमी झालं की जास्तच.

शेवंतीचं मला कोडं पडलंय. सहापैकी पाच कुंड्यांचं लिहिलंत, सहावीचं काय?

धागाकर्ती

दादा, बरं विचारलंत. सहावी पाण्याच्या टाकीमागे आहे. जागा नव्हती म्हणून तिकडे सारली. तिला ऊन जेमतेम अकरापर्यंत, खतही बाकीच्यांच्या निम्मंच मिळालं. आणि तिलाच कळ्या आहेत, वाटाण्याएवढ्या! मी समजत होते की ती काशी वेगळी असेल.

प्रतिसाद, खानापूर तालुक्यातून

बाई, तुमच्या गच्चीसमोर रस्त्यावरचा दिवा आहे का? आणि तो यंदाच बसलाय का? रात्री बघून सांगा.

धागाकर्ती

काल रात्री दोनला मुद्दाम वर गेले. गल्लीत जूनमध्ये नवा एलईडीचा दिवा आलाय, आधी तिथे पिवळा मिणमिणता होता आणि तो निम्म्या वेळा बंदच असायचा. पाचही कुंड्यांच्या पानांवर कठड्याच्या जाळीची सावली पडलेली. एकेक चौकोन मोजता यावा इतकी ठळक. टाकीमागे गेले तर अंधार.

प्रतिसाद, खानापूर तालुक्यातून

मग हेच कारण. शेवंती थंडीची वाट बघत नाही, ती लांब रात्रीची वाट बघते. दिवस लहान व्हायला लागले आणि रात्र सलग काळोखी मिळाली की ती पानं सोडून कळीकडे वळते. मधेच उजेड पडला, अगदी थोडा का असेना, की तिला रात्र लहानच वाटते आणि ती वाढत राहते. शेवंतीचे मोठे बागायतदार हेच मुद्दाम करतात. फुलं उशिरा हवी असतील तर शेतात रात्री दिवे लावतात. तुमच्या गल्लीच्या दिव्याने तुमच्या शेवंतीला न विचारता तेच केलं. खत आणि पाणी तुम्ही नीटच दिलंत, तुमचं काही चुकलेलं नाही. थंडीत शेंड्याची पानं लाल होतात त्या पॉइन्सेटियाचंही असंच असतं, कुणाकडे असेल तर बघा.

आता उपाय. दिवेलागणीला काळ्या कापडाने झाकायचं, सकाळी सातला काढायचं. एक रात्रही चुकवू नका. कापड दुहेरी घ्या, आतून दिवा दिसता कामा नये. कुंडीत चार कामट्या रोवून त्यावर टाका म्हणजे शेंड्यांवर भार येत नाही. आमच्याकडे जुन्या छत्र्यांचं काळं कापड उसवून ठेवलेलं असतं, तेच वापरतो. पावसाळ्यात छत्र्या मोडतात, त्यांना तोटा नाही. दोन कुंड्या टाकीमागे मावत असतील तर त्या झाकायलाही नकोत. पण उन्हाला पुढे काढायला लागतील, शेवंतीला दिवसा ऊन भरपूर हवं.

मोगऱ्याला आता पाणी कमी करा. ऑक्टोबरच्या उन्हात जेवढं घालत होतात तेवढंच घालताय ना? बोटाची दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही सकाळी. खत अजिबात नको, तो आता झोपलाय. डिसेंबरअखेर पाणी तोडा, जानेवारीत छाटा, मग खत द्या. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र खुडत राहा, नाहीतर ती बी धरून वाळते.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. छत्रीची कापडं माळ्यावर पाच निघाली. दोन लहान कुंड्या टाकीमागे नेल्या, तीन रोज झाकते. संध्याकाळी झाकायचं काम आईने घेतलंय. सहा वाजले की "चल, पोरींना निजवू" म्हणते. एका रात्री पाहुण्यांच्या गडबडीत मी विसरले, तर रात्री दहाला तिनेच आठवण केली.

मोगऱ्याची गळ थांबली. भुरी एका फवारणीत बरीच गेली, नवी पानं स्वच्छ आहेत. जास्वंद अजून कळ्या टाकतेय, पण कापूस नाही.

आणि आज सकाळी कापड काढलं तर मधल्या कुंडीच्या शेंड्यात मोहरीएवढ्या हिरव्या गाठी. आधी वाटलं पानंच असतील. आईने चष्मा मागवला, शेंडा बोटाच्या टोकावर धरून बघितला आणि म्हणाली, "कळ्याच आहेत." मोजल्या, एका शेंड्यावर सात. मार्गशीर्षाच्या गुरुवारांना टाकीमागच्या कुंडीची फुलं पुरवून वापरतेय. या कुंड्यांची संक्रांतीच्या सुगडांपुढे ठेवायची असं आईने ठरवून टाकलंय.

आता एकच सांगा, झाकायचं कधी थांबवू? कळीला पिवळा रंग दिसेपर्यंत की त्याआधी? गुरुवारी पाहुणे आहेत, त्या रात्री गच्चीवरचे दिवे लावावे लागतील, म्हणून विचारते.

प्रतिसाद, खानापूर तालुक्यातून

रंग दिसेपर्यंत झाका. गुरुवारी पाहुणे यायच्या आधी झाकून घ्या, मग गच्चीवर हवे तेवढे दिवे लावा.