धावताना पाय दगड होतात, रविवारी ट्रायल आहे, मदत हवी आहे

मैदानवाली, इंदूर: सुरुवात झकास होते आणि शेवटाला अचानक मांड्या दगड. गुडघा वर उचलतच नाही. झोप, जेवण सगळं नीट आहे. कॉलेजची ट्रायल आहे, लवकर सांगा.

रामबागकर: ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, संपतंय. स्नायूंत साधारण 400 ग्रॅम, यकृतात 100. दीड-दोन तास पळालं की खडखडाट. मी दर तासाला खजूर खातो.

सुदामानगरचे काका: बेटा, शेव-जीरावन घातलेले पोहे खाऊन पळतेस का?

मैदानवाली: नाही काका, एक केळं. पोह्यांचा काय संबंध?

पीटीमास्तर: अंतर किती? वेळ किती? लिहिलंच नाहीस.

मैदानवाली: 400 मीटरच की! 66 सेकंद.

रामबागकर: मग खजूर राहू दे. एवढ्यात साठा संपत नाही.

तेलमालिश: लॅक्टिक आम्ल साचतंय. मोहरीच्या तेलानं रगडा, दुसऱ्या दिवशी दुखायचंही थांबेल. 30 वर्षांचा अनुभव आहे.

पीटीमास्तर: मालिशनं बरं वाटतं, मान्य. पण दुसऱ्या दिवशीचं दुखणं लॅक्टेटचं, म्हणजे तुमच्या त्या लॅक्टिक आम्लाचं, नसतं. लॅक्टेट तासाभरात रक्तातून कमी होतं, हृदयसुद्धा ते इंधन म्हणून वापरतं.

मैदानवाली, स्नायू ज्यावर चालतो ते इंधन म्हणजे एटीपी, ते तयार असतं दोन-तीन सेकंदांपुरतं. मग ते पुन्हा भरून देणारं क्रिएटिन फॉस्फेट, पूर्ण वेगात तेही दहाएक सेकंद. पुढे ग्लुकोज ऑक्सिजनविना फोडायचं. हे झटपट होतं, पण एका ग्लुकोजमागे 2च एटीपी. ऑक्सिजननं 30 च्या आसपास मिळतात, पण ती वाट संथ, सगळी गरज तिच्यावर भागत नाही. जोर लावशील तसे हायड्रोजन आयन (आम्लता वाढवणारे कण) आणि फॉस्फेट साचतात, स्नायूची पकड ढिली पडते. तुझा दगड तो हा. पहिले 200 किती सेकंदांत?

मैदानवाली: 29.

पीटीमास्तर: म्हणजे पुढचे 37! आठ सेकंदांचा फरक फार झाला. पहिले 31 मध्ये काढ.

व्हिटॅमिनताई: बूट कोणते? ड जीवनसत्त्व तपासलं का?

तेलमालिश: आयन-बियन ठीक, तेल सोडू नका.

मैदानवाली: पण 31 नं गेले तर सगळ्या पुढे निघून जातील!

पीटीमास्तर: जाऊ देत. शेवटच्या सरळ पट्ट्यात त्यांचेही पाय जड होणारच. उद्या एकदाच करून बघ, घड्याळ मैत्रिणीच्या हातात दे. 200 च्या खुणेवर तिनं ओरडून आकडा सांगायचा.

मैदानवाली: उद्या सहाला जाते. दोन्ही आकडे इथेच लिहीन.